विकलेलें कपाट पोंचवावयाचें कसें?

मोठी वस्तु विकणें हल्लीं फार सोपें झालें आहे. भिंतीशीं उभ्या असलेल्या कपाटाचें छायाचित्र घ्यावें, दोन ओळींत वर्णन लिहावें, किंमत टाकावी आणि मोबाईलच्या पडद्यावर बोट टेकवावें, कीं ती जाहिरात साऱ्या देशांत वाचावयास मिळते. पूर्वीं जुन्या सामानाचा व्यापार गल्लींतल्या गल्लींत चाले. जुना बाजार, ओळखीचा सुतार आणि शेजारच्या घरचें लग्न, एवढेंच त्याचें क्षेत्र. आतां पुण्याच्या सदाशिव पेठेंतील कपाटाला रत्नागिरीहून, नागपूरहून, क्वचित् बंगलोरहूनहि मागणी येते. मागणी क्षणांत येते, पैसेहि क्षणांत येतात. कपाट मात्र होतें तेथेंच उभें असतें. त्याला चार पाय असले तरी चालतां येत नाहीं.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण ज्या घरावर तो येतो त्या घराला तो किरकोळ राहत नाहीं. मुंबईपुण्याकडे जुने वाडे आणि चाळी पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती उठत आहेत. जागा रिकामी करून देण्याची तारीख ठरलेली असते, तात्पुरत्या भाड्याच्या दोन खोल्या मिळालेल्या असतात, आणि आजीच्या लग्नांत आलेलें सागवानी कपाट त्या खोल्यांच्या दारांतून आंत जाणार नाहीं हें टेप लावून कळून चुकलेलें असतें. अशा वेळीं दूरगांवचें, चांगल्या लाकडाची पारख असलेलें गिऱ्हाईक मिळणें हें सुदैवच. परंतु वाहतुकीचा पहिला आंकडा कानावर येतो आणि तो कपाटाच्या किंमतीच्या बरोबरीचा, कधीं तिच्याहून मोठाहि निघतो. गिऱ्हाईक मागें सरतें. तारीख मात्र मागें सरत नाहीं. शेवटीं दारावरून जाणाऱ्या भंगारवाल्याला हांक मारली जाते. तो सागवानाला जळाऊ लाकडाचा भाव देतो, आणि दोन पिढ्या टिकलेली वस्तु अर्ध्या तासांत कुऱ्हाडीनें मोकळी होते. वाहतुकीचें गणित महिनाभर आधीं मांडलें असतें तर यांतलीं पुष्कळशीं कपाटें वांचलीं असतीं.

त्या गणितांतील पहिली गोष्ट अशी कीं, वाहतूक करणारा मनुष्य जें विकतो ती जागा होय. भाडें वजनावर आणि अंतरावर ठरतें अशी सर्वसाधारण गृहस्थाची समजूत असते. लोखंड, साखर, सिमेंट यांच्या बाबतींत ती खरी आहे. परंतु कपाट म्हणजे चार फळ्यांत कोंडलेली हवा. गाडींत तें उभें केलें कीं त्याच्या पोटांतली हवाहि प्रवास करते, आणि त्या हवेच्या जागीं दुसऱ्याचा माल बसूं शकत नाहीं. तेव्हां वाहतूकदार त्या हवेचेंहि भाडें घेतो, आणि त्यांत त्याचें कांहीं चुकतें असें म्हणतां यावयाचें नाहीं.

हें भाडें मोजण्याची रीति ठरलेली आहे. वस्तूची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन त्यांचा गुणाकार करावयाचा आणि त्यास ५,००० नें भागावयाचें. जें उत्तर येईल तितके किलो त्या वस्तूचें वजन आहे असें मानावयाचें. खरें वजन आणि हें मानीव वजन यांपैकीं जें अधिक, त्यावर आकार. कुरियर मंडळ्यांत हा ५,००० चा भाजक रूढ आहे. रस्त्यानें माल नेणाऱ्या मंडळ्या बहुधा घनफूट मोजतात आणि घनफुटामागें सहा, आठ किंवा दहा किलो धरतात; ज्याचा त्याचा हिशेब निराळा. म्हणूनच दोन ठिकाणीं किलोमागें दर सारखाच सांगितला तरी शेवटची रक्कम सारखी येत नाहीं. दर विचारण्यापूर्वीं भाजक विचारावा.

समजा, कपाट सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल आहे, आणि वजनकांट्यावर तें ८५ किलो भरतें. सेंटिमीटरांत हीं मापें १८३, ९१ व ४६ होतात. गुणाकार करून ५,००० नें भागलें असतां मानीव वजन १५३ किलो येतें. कपाटाचे घनफूट २७; म्हणजे घनफुटास दहा किलो धरणाऱ्याच्या वहींत तेंच कपाट २७० किलोंचें होतें. येथपर्यंत आश्चर्य करण्यासारखें कांहीं नाहीं. आश्चर्य पुढें आहे. कपाटाला धक्का लागूं नये म्हणून घरधनी काळजीनें त्याच्याभोंवतीं गाद्या, गवत आणि फळ्यांचा सांगाडा घालतो. प्रत्येक बाजूस केवळ पांच सेंटिमीटर वाढलीं असें धरलें, तर मापें १९३, १०१ आणि ५६ होतात, आणि मानीव वजन १५३ वरून एकदम २१८ किलोंवर जातें. चार बोटें गवताचें भाडें ६५ किलो! तिन्ही बाजूंची वाढ एकमेकींस गुणिली जाते, ही गोष्ट शाळेंत शिकलेली असूनहि वेळेवर आठवत नाहीं.

यावर उपाय एकच, आणि तो सुताराच्या हातीं आहे. कपाट सोडवावें. जुन्या कामाचीं कित्येक कपाटें सरसानें न चिकटवितां खांचेंत बसवून पाचरीनें घट्ट केलेलीं असतात. पाचर काढली कीं बाजू सुट्या होतात. दारें बिजागऱ्यांवर असतात, फळ्या नुसत्या टेकलेल्या असतात, डोक्यावरची नक्षीची पट्टी बहुधा वरून ठेवलेली असते. हे भाग एकावर एक निजवून मध्यें जुन्या चादरी घातल्या आणि बाहेरून पुठ्ठा व गोणपाट गुंडाळलें, तर सुमारें १८७ सेंटिमीटर लांब, ९५ रुंद आणि २४ जाड असा एक गठ्ठा होतो. त्याचें मानीव वजन ८५ किलो. कपाटाचें खरें वजनहि तेंच होतें. म्हणजे हवेचें भाडें संपलें; यापुढें जें द्यावयाचें तें लाकडाचें. सुताराचा दोन तासांचा रोज आणि १५३ किंवा २१८ किलोंचें भाडें यांची तुलना ज्यानें त्यानें करावी. मात्र सरसानें व खिळ्यांनीं सांधलेलें कपाट या रीतीनें उघडूं जाऊं नये, तें मोडतें. आणि हल्लींच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांच्या कपाटांत एकदां काढलेला स्क्रू दुसऱ्यांदां घट्ट बसत नाहीं. तीं कपाटें दूरगांवीं विकण्याच्या भरीस न पडणेंच बरें.

ही युक्ति नवी नाहीं. व्हिएन्नाच्या मिकाएल टोनेट यांनीं १८५९ सालीं वाफेनें लांकूड वाकवून जी चौदा क्रमांकाची खुर्ची बाजारांत आणली, ती सहा लाकडी भाग, दहा स्क्रू व दोन नट यांची होती. तिचे भाग सुटे करून एक घनमीटरच्या पेटींत छत्तीस खुर्च्या भरत आणि त्या पेट्या आगबोटींनीं देशोदेशीं जात. मुंबईच्या इराण्याच्या दुकानांत चहा पितांना ज्या वांकड्या पाठीच्या खुर्चीवर गिऱ्हाईक बसतें, ती याच कुळांतली. त्या खुर्चीच्या जगभर झालेल्या प्रसाराचें श्रेय तिच्या सौंदर्याला जितकें आहे तितकेंच तिच्या पेटीला आहे. पुढें १९५६ सालीं स्वीडनमधील इकेआ या दुकानाच्या एका चित्रकारानें मोटारींत मेज मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि त्यांतून सुट्या भागांचें फर्निचर विकण्याचा त्या दुकानाचा मोठा व्यवसाय उभा राहिला.

मोठ्याचें लहान करण्याची हद्द मात्र अमेरिकेंतल्या एका बँकेनें गांठली. त्या देशांत १ जानेवारी १९१३ पासून सरकारी टपालानें पार्सलें पाठविण्याची सोय झाली. यूटा प्रांतांतील व्हर्नल या आडगांवीं १९१६ सालीं बँकेची इमारत बांधावयाची होती. विटा सॉल्ट लेक सिटी येथें मिळत, पण खासगी वाहतुकीचें भाडें विटांच्या किंमतीहून अधिक पडे. बँकेच्या चालकांनीं पार्सलांचे दर वाचले आणि पन्नास पन्नास पौंडांचीं पुडकीं बांधून साऱ्या विटा टपालांत टाकल्या. पोस्टाचे नोकर त्या विटा रेल्वेनें आणि मग गाड्यांतून डोंगरांपलीकडे ओढीत राहिले. हें ध्यानीं आल्यावर टपालखात्यानें नियम बदलला आणि एका माणसानें दिवसाकांठीं दोनशें पौंडांपेक्षां जास्त माल पाठवूं नये असें ठरविलें. बँक तोंपर्यंत उभी राहिली होती. आपल्याकडे स्पीड पोस्टानें ३५ किलोंपर्यंतचें पार्सल जातें. लांबी व घेर यांच्याहि मर्यादा आहेत. अख्खें कपाट त्यांत बसणार नाहीं, पण शिवणयंत्राचें डोकें, पितळी समया, पुस्तकांच्या पेट्या, सुट्या फळ्या यांसाठीं टपाल अजूनहि पुष्कळांना सुचत नाहीं इतकें स्वस्त पडतें, आणि गाडी न पोंचणाऱ्या खेड्यांतहि पोंचतें.

आतां गठ्ठा तयार झाला. तो न्यावयाचा कोणीं? येथें दुसरी गोष्ट लक्षांत घ्यावयाची ती ही कीं, रस्त्यावरून जाणाऱ्या मालगाड्यांपैकीं पुष्कळशा एका दिशेनें भरून जातात आणि दुसऱ्या दिशेनें रिकाम्या किंवा अर्ध्या रिकाम्या येतात. खास एका कपाटासाठीं गाडी केली तर जाण्याचें आणि परतण्याचें, दोन्हीं भाडीं त्या एका कपाटाच्या माथीं बसतात. उलट जी गाडी नाहीं तरी जाणारच आहे तिच्यांतील रिकामी जागा मिळाली, तर चालक डिझेलच्या खर्चाला जें हातीं लागेल तें घेऊन खूष असतो. पुण्याहून रत्नागिरीस जावयाचें कपाट असेल तर चैत्र-वैशाखासारखा दुसरा काळ नाहीं. त्या दिवसांत कोंकणांतून हापुसच्या पेट्या भरलेल्या गाड्या पुण्याच्या मार्केट यार्डांत आणि वाशीच्या फळबाजारांत रोज येतात, माल उतरवितात आणि मोकळ्या परततात. पहांटे बाजारांत जाऊन परतीची गाडी विचारणें हें मोबाईलवर दहा ठिकाणीं दर मागविण्यापेक्षां अधिक फलदायी ठरतें. नाशिककडून कांदा व द्राक्षें आणणाऱ्या गाड्यांचीहि हीच स्थिति. पावसाळ्यांत मात्र कोंकणाच्या वाटेस सागवानहि लावूं नये. ताडपत्रीखालीं तें भिजलें नाहीं तरी तेथल्या दमट हवेनें फुगतें, आणि दारें दिवाळीपर्यंत लागत नाहींत.

ज्यांना बाजारांत जाणें जमत नाहीं त्यांच्यासाठीं जुना हुंडेकरी अद्याप आहे. त्याचें नांव तेवढें ट्रान्स्पोर्ट कंपनी झालें आहे. तो अनेकांचा थोडा थोडा माल एका गाडींत भरतो आणि गोदामापासून गोदामापर्यंत नेतो. यास पार्ट लोड म्हणतात. घरपोंच सेवेहून तो बराच स्वस्त असतो, कारण त्यानें दोन्ही टोकें गिऱ्हाइकाच्या गळ्यांत टाकलेलीं असतात. कपाट त्याच्या गोदामापर्यंत न्यावयाचें विकणाऱ्यानें, आणि पलीकडच्या गोदामांतून उचलावयाचें घेणाऱ्यानें. यासाठीं गल्लोगल्लीं दिसणारा, लोकांनीं छोटा हत्ती असें नांव ठेवलेला टेंपो पुरतो. त्याचा हौदा सुमारें सात फूट लांब व पांच फूट रुंद असल्यामुळें सहा फुटी गठ्ठा आंत आडवा निजतो. भाडें पाठविणाऱ्यानें भरलें तर पावतीवर पेड लिहितात, घेणाऱ्यानें भरावयाचें असेल तर टु-पे. हे दोन शब्द विक्रीच्या बोलण्यांतच ठरून गेले पाहिजेत. कित्येक सौदे कपाटाच्या किंमतीवर न मोडतां या एका शब्दावर मोडतात.

गिऱ्हाईक दिल्ली किंवा कलकत्ता अशा लांबच्या शहरीं असेल तर रेल्वेकडे अवश्य पाहावें. प्रवासी गाड्यांतून पार्सल नेण्यासाठीं राखलेली जागा असते आणि लांबच्या अंतराला तिचा दर रस्त्याच्या तुलनेनें बहुधा हलका पडतो. पण रेल्वे स्टेशनापासून स्टेशनापर्यंतच नेते. माल पार्सल कचेरींत नेणें, फॉर्म भरणें, गठ्ठ्यावर नांव-गांव ठळक अक्षरांत व दोन ठिकाणीं लिहिणें, पावती पलीकडे पाठविणें, हीं सारीं कामें ज्याची त्यानें करावयाचीं. ज्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटें थांबते तेथें ८५ किलोंचा गठ्ठा उतरविण्याची आशा धरूं नये. जवळचें मोठें स्टेशन निवडावें. आणि गाडी येण्याच्या दिवशीं घेणारा गांवीं हजर असावा, कारण मुदतींत न सोडविलेल्या मालावर रेल्वे जागेचें भाडें चढवीत जाते. स्वस्तांत आलेलें कपाट आठवडाभर फलाटावर राहून महाग झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

कांहीं वस्तु मात्र सोडवितांच येत नाहींत. मिरजेचा तंबोरा हें त्याचें उत्तम उदाहरण. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली, आणि त्यांना सर्व भारतांतून मागणी असते. तंबोरा वजनाला अगदीं हलका. पण पेटींत घातला कीं समजा १६० सेंटिमीटर लांब, ५० रुंद व ४५ उंच होतो, आणि त्याचें मानीव वजन ७२ किलो भरतें. त्यांतली बहुतेक हवा भोपळ्याच्या पोटांतली. आणि ती काढली तर तंबोरा उरत नाहीं. अशा वस्तूसाठीं वाहतूकदार शोधण्यापेक्षां माणूस शोधावा. मिरजेहून त्या गांवीं येणारा एखादा गायक, विद्यार्थी किंवा नातेवाईक रेल्वेच्या डब्यांत तंबोरा मांडीशीं धरून आणतो, तशी काळजी कोणत्याहि दरांत विकत मिळत नाहीं. आरशाचेंहि असेंच. कपाटाच्या दाराचा आरसा काढून तो निराळा, उभा, कडेवर टेकवून न्यावा. आडवी निजविलेली कांच पहिल्याच खड्ड्यांत जाते.

मधल्या वाटेचा विचार सारेच करतात. दोन्ही टोकांचा विचार फार थोडे करतात. पुण्याहून रत्नागिरीपर्यंतच्या सुमारें तीनशें किलोमीटरांपेक्षां पुण्यांतले तीन जिने महाग पडूं शकतात. हमाली मजल्यामागें ठरते. जिन्याचें वळण अरुंद असेल तर अख्खें कपाट दोरानें बाल्कनींतून खालीं सोडावें लागतें, आणि त्याला चार हमालांच्या ऐवजीं सहा लागतात. पलीकडच्या घरीं कोणता मजला, लिफ्ट आहे कीं नाहीं, तिच्या दाराची उंची किती, बोळांत टेंपो वळतो कीं नाहीं, हे प्रश्न फोनवर विचारावयास पैसा पडत नाहीं. ते न विचारल्यास भर दुपारीं गाडी रस्त्यावर उभी राहते, चालक घड्याळाकडे बोट दाखवितो, उतराईच्या रकमेवर वाद पडतो. महाराष्ट्रांत १९६९ च्या कायद्यानें माथाडी कामगारांच्या कामाला नियम लागले. पण घरगुती सामानाचा सौदा बहुधा जाग्यावर आणि तोंडीं होतो; म्हणून तो सामान उचलण्यापूर्वीं व्हावा. पेंचांत सांपडलेल्या माणसाला हमाली कधींच स्वस्त पडत नाहीं. सुटें केलेलें कपाट येथेंहि कामास येतें: दार एक माणूस नेतो, बाजू दोघे नेतात, आणि जिन्याच्या वळणाची भीति उरत नाहीं.

स्वस्ताच्या शोधांत फसवणुकीची वाट फार जवळून जाते. तिचे दोन प्रकार नेहमींचे आहेत. पहिल्यांत घरसामान हलविणारा एखादा अनोळखी धंदेवाला सर्वांहून निम्मा दर सांगतो, निम्मे पैसे आगाऊ घेतो, माल गाडींत चढवितो, आणि वाटेंतून फोन करून आणखी रक्कम मागतो. न दिल्यास कपाट कोठल्याशा गोदामांत अडकून पडतें. या प्रकारांत दर आधींच लेखी घ्यावा. त्यांत हमाली, मजले, टोल, कर आणि विमा यांचा समावेश आहे कीं नाहीं तें स्पष्ट करून घ्यावें. आणि गाडीचा क्रमांक व चालकाच्या परवान्याचें छायाचित्र घेतल्याखेरीज माल उचलूं देऊं नये. दुसऱ्या प्रकारांत विकणाराच फसतो. आपण लष्करांत आहों, बदली झाली आहे, वाहतुकीची गाडी आमचीच येईल, असें सांगणारें गिऱ्हाईक किंमतीची घासाघीस न करतां पैसे पाठविण्याच्या निमित्तानें एक चौकोनी चिन्ह धाडतें आणि तें स्कॅन करून पिन घालावयास सांगतें. पिन पैसे देण्यासाठीं लागतो, घेण्यासाठीं लागत नाहीं. एवढें एक वाक्य घरांतल्या वृद्धांना ठाऊक असलें तर पुष्कळ रकमा वांचतील. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा संशय घ्यावा, असा आपल्याकडील जुन्या दुकानदारांचा अनुभव आहेच.

कागदपत्रांचीहि थोडी भीति असते, ती वाजवीपेक्षां जास्त. ५०,००० रुपयांहून अधिक किंमतीच्या मालाबरोबर २०१८ पासून ई-वे बिल लागतें. महाराष्ट्रांतल्या महाराष्ट्रांत ही मर्यादा एक लाख रुपयांची आहे. परंतु वापरलेलें घरगुती सामान त्या नियमांतून वगळलेलें आहे. पावतीवर जुनें वापरलेलें घरगुती सामान असा स्पष्ट शेरा असावा आणि विक्रीची साधी सही केलेली चिठ्ठी बरोबर द्यावी, म्हणजे वाटेंतल्या तपासणींत चालकाची अडवणूक होत नाहीं.

याहून महत्त्वाचा कागद जबाबदारीचा. वाहतुकींत कपाट फुटलें तर पूर्ण भरपाई मिळेल असें गिऱ्हाईक गृहीत धरतें, आणि तेथें त्याची निराशा होते. रस्त्यावरील वाहतुकीस पूर्वीं १८६५ चा कायदा लागू होता. त्याच्या जागीं २००७ चा कायदा आला आणि तो २०११ सालीं अमलांत आला. त्याच्या नियमांप्रमाणें अधिक किंमत जाहीर करून त्याचा जादा आकार दिलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. भाडें २,००० रुपये असेल तर भरपाईची कमाल मर्यादा २०,०००. रेल्वेची मर्यादा याहून तुटपुंजी आहे: किंमत जाहीर करून टक्केवारीचा आकार न भरल्यास किलोमागें ५० रुपये. ८५ किलोंचें सागवानी कपाट रेल्वेच्या हिशेबीं ४,२५० रुपयांत हरवूं शकतें. म्हणून भाडें जितकें कमी करावें तितकें किंमत जाहीर करण्याकडे अधिक लक्ष द्यावें. स्वस्त भाड्याची दहापट हीहि स्वस्तच असते.

माल पोंचल्यावर घेणाऱ्यानें घाईनें सही करूं नये. गोणपाट फाटलें आहे कीं काय, कोपरे चेंचले आहेत कीं काय, हें हमालांसमक्ष पाहावें, छायाचित्रें घ्यावींत, आणि कांहीं दोष दिसल्यास पावतीवरच शेरा लिहून मग सही करावी. कोऱ्या सहीनंतर केलेल्या तक्रारीला फारसें वजन राहत नाहीं. रस्त्यानें आलेल्या मालाविषयीं दावा करावयाचा असल्यास माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आंत वाहतूकदारास लेखी नोटीस द्यावी लागते. आणि त्या नोटिशीस आधार म्हणून माल पाठवितांना घेतलेलीं छायाचित्रें उपयोगी पडतात. तेव्हां तीं विकणाऱ्यानें, कपाट सोडविण्यापूर्वीं आणि सोडविल्यावर, दोन्ही वेळां घेऊन ठेवावींत.

तींच छायाचित्रें पलीकडच्या सुतारालाहि लागतात. सुट्या केलेल्या कपाटाच्या प्रत्येक भागावर आंतल्या बाजूस खडूनें क्रमांक घालावा, एकमेकांत बसणाऱ्या खांचांवर सारखीच खूण करावी, आणि पाचरी, स्क्रू, बिजागऱ्या व किल्ल्या एका कापडी पिशवींत घालून ती पिशवी मधल्या फळीस सुतळीनें घट्ट बांधावी. ती खिशांत घालून देतों म्हणणाऱ्या चालकाच्या हातीं देऊं नये. रत्नागिरींत पोंचलेलें कपाट पुण्यांत राहिलेल्या किल्लीवांचून महिनाभर दोरानें बांधून ठेवावें लागतें.